अमेरिकन स्पोर्ट मोटारसायकली आणि त्यांची इंजिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन मोटारसायकल म्हटले की लांबलचक, जड आणि संथ क्रूझर डोळ्यांसमोर येते आणि स्पोर्ट मोटारसायकल हा विषय जपान व इटलीच्या नावे लिहून टाकला जातो. ही समजूत अपुरी आहे. अमेरिकेत उत्तम सांगाडा बांधणारी माणसे होती, पण त्या सांगाड्याला शोभेल असे इंजिन त्यांच्या हाती फार उशिरा आले. त्यामुळे या गाड्यांमधील बहुतेक अभिनव कल्पना इंजिनाच्या एखाद्या दोषावर काढलेला तोडगा म्हणून जन्माला आल्या आहेत. म्हणून पुढील उत्तरांत मॉडेलच्या आधी इंजिनाचा विचार केला आहे, आणि सर्वाधिक जागा ब्यूल या कंपनीला दिली आहे.

अमेरिकेत सुरुवातीपासून क्रूझरच बनत होत्या का?

नाही. १९११ साली आयल ऑफ मॅन बेटावरील डोंगरी मार्गावर पहिल्यांदा झालेल्या सीनियर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक इंडियन या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांनी पटकावले होते. त्या काळात अमेरिकन गाड्या जगातील वेगवान गाड्यांमध्ये मोजल्या जात.

वाट वेगळी झाली ती पुढे, आणि त्यात शर्यतींच्या नियमांचा मोठा वाटा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत 'क्लास सी' नावाचा वर्ग सुरू झाला. त्यात साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनाला ७५० सीसीची आणि ओव्हरहेड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेल्या) इंजिनाला ५०० सीसीची मुभा होती. मंदीच्या काळात सामान्य स्वाराला आपल्या रोजच्या गाडीवर शर्यतीत उतरता यावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण या सवलतीमुळे साइड-व्हॉल्व्हसारखी जुनी रचना शर्यतीत टिकून राहिली. हार्ले-डेव्हिडसनची केआर ७५० ही साइड-व्हॉल्व्ह गाडी १९५२पासून १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धावत होती. शिवाय बहुतेक शर्यती मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर होत, तिथे एकाच बाजूला वळायचे असते. डांबरी रस्त्यावर डावी-उजवी वळणे घेताना जो सांगाडा आणि जे ब्रेक लागतात, त्यांची गरज अमेरिकन कारखान्यांना फारशी भासली नाही.

हार्ले-डेव्हिडसनने स्वतः स्पोर्ट मॉडेल बनवलेच नाही का?

बनवले, पण नेटाने चालवले नाही. १९५७ची ८८३ सीसीची स्पोर्टस्टर ही त्या काळात ब्रिटिश गाड्यांना दिलेले उत्तर होती, आणि तिचे नाव त्या वेळी सार्थ होते. क्लास सीचा हा नियम बदलल्यावर १९७०मध्ये आलेली एक्सआर७५० ही शर्यतीची गाडी १९७२मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर व हेड मिळाल्यावर मातीच्या ट्रॅकवर कित्येक दशके जिंकत राहिली. १९७७मध्ये विली जी. डेव्हिडसन यांनी एक्सएलसीआर ही काळीभोर कॅफे रेसर आणली. दोन वर्षांत जेमतेम तीन हजार गाड्या बनल्या आणि ती बंद झाली. १९८३च्या एक्सआर१०००मध्ये स्पोर्टस्टरच्या खालच्या भागावर एक्सआर७५०च्या धर्तीचे हेड बसवले होते. उजवीकडे दोन कार्बुरेटर आणि डावीकडून उंच जाणारे दोन सायलेन्सर असा तिचा थाट होता. तीही दोनच वर्षे टिकली. शिल्लक राहिली ती तिची इंजिने, आणि त्यांतूनच पुढची कथा सुरू होते.

एरिक ब्यूल कोण, आणि त्यांची पहिली गाडी कोणती?

नावाचा उच्चार 'ब्यूल' असा आहे, 'फ्यूल'शी यमक जुळणारा. एरिक ब्यूल हे हार्ले-डेव्हिडसनमध्ये अभियंता होते आणि स्वतः शर्यतीही खेळत. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ७५० सीसीच्या चार सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक इंजिनाभोवती आरडब्ल्यू७५० ही निव्वळ शर्यतीची गाडी बांधली. गाडी विक्रीसाठी तयार होते न होते तोच, ती ज्या फॉर्म्युला वन वर्गासाठी बांधली होती तो वर्गच अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतींच्या संघटनेने बंद केला. एखाद्याने इथेच हात टेकले असते. ब्यूल यांनी मात्र शिल्लक पडलेली एक्सआर१०००ची इंजिने घेतली आणि १९८७मध्ये आरआर१००० बॅटलट्विन ही रस्त्यावर चालणारी गाडी उभी केली. पुढच्या चाकापासून शेपटीपर्यंत ती आवरणाने जवळजवळ पूर्ण झाकलेली होती. सुमारे ५० गाड्यांनंतर इंजिने संपली, आणि १९८८च्या आरआर१२००मध्ये स्पोर्टस्टरचे १२०३ सीसीचे इव्होल्यूशन इंजिन आले. पुढची वीस वर्षे ब्यूलच्या नशिबी तेच इंजिन राहिले.

त्या इंजिनात नेमकी अडचण काय होती?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

हार्लेच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे 'व्ही' आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात, त्या सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन असतो आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टच्या एकाच पिनवर बसतात. एका रॉडचे खालचे टोक बेचक्यासारखे दुभागलेले असते आणि दुसरा रॉड त्या दुबेळक्यात बसतो. या रचनेमुळे इंजिन अरुंद होते, हा फायदा. पण एका सिलिंडरनंतर दुसऱ्याचा स्फोट ३१५ अंशांनी आणि पुन्हा पहिल्याचा ४०५ अंशांनी होतो. दोन ठोके जवळजवळ आणि मग थोडा विसावा, अशी जी ओळखीची लय कानावर पडते ती याच विषम अंतरामुळे. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन पिस्टनांचे प्राथमिक हादरे एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. ४५ अंशांत ते होत नाही, आणि स्पोर्टस्टरच्या इंजिनात हादरे शमवणारा बॅलन्सर शाफ्टही नव्हता.

आता पेच असा, की हे इंजिन सांगाड्याला घट्ट आवळले तर स्वाराच्या हातापायांना मुंग्या येतात आणि बोल्ट सैल होतात. रबरावर तरंगते ठेवले तर ते डावी-उजवीकडेही डुलते, आणि मागचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) इंजिनाच्या मागील भागाशीच जोडलेला असल्यामुळे मागचे चाकही त्याच्यासोबत डुलते. वळणावर असे चाक जीवघेणे ठरू शकते. ब्यूल यांनी यावर काढलेल्या उपायाला 'युनिप्लॅनर' जोडणी म्हणतात. इंजिन रबरावरच बसवायचे, पण दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेल्या आखूड दांड्यांनी ते सांगाड्याशी अशा रीतीने बांधायचे की त्याला वर-खाली आणि पुढे-मागे, म्हणजे गाडीच्या उभ्या प्रतलातच, हलता यावे. हादरे त्याच प्रतलात असतात, त्यामुळे ते रबरात जिरतात; आडवी हालचाल दांड्या रोखतात, आणि इंजिनाचा जड ओतीव ठोकळा सांगाड्याला मजबुती देण्याच्या कामी येतो. दोषालाच कामाला लावणारी ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

परिणाम डोळ्यांना दिसतो. ब्यूल उभी करून इंजिन मंद गतीवर चालू ठेवले की संपूर्ण गाडी, अगदी पुढच्या चाकासकट, थरथरत असते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) तीन हजारांच्या आसपास गेले की ही थरथर जवळपास नाहीशी होते.

मग त्यांनी दुसरे इंजिन का घेतले नाही?

ब्यूल यांच्यासारख्या छोट्या कारखान्याला नवे इंजिन घडवणे परवडणारे नव्हते, आणि अमेरिकेत विकत मिळेल असे दुसरे आधुनिक इंजिन नव्हतेच. १९९३मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ब्यूलमध्ये ४९ टक्के भागीदारी घेतली आणि १९९८मध्ये जवळपास सर्व मालकी आपल्याकडे घेतली. त्यामुळे भांडवल आणि विक्रेत्यांचे जाळे मिळाले, पण इंजिन हार्लेचेच राहणार हेही ठरून गेले. इंजिनाच्या नव्या पेट्या ओतल्या गेल्या आणि सुटे भाग बदलले गेले, मात्र ४५ अंशांचा कोन, हवेवर थंड होणारी रचना आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब दांड्या) कायम राहिले.

१९९०च्या दशकातील नळीच्या सांगाड्याची मॉडेले कोणती?

१९९४च्या अखेरीस आलेली एस२ थंडरबोल्ट ही हार्लेसोबतच्या भागीदारीतील पहिली गाडी. १९९६च्या एस१ लाइटनिंगने कंपनीला खरी ओळख दिली: आखूड, उघडी, पाटीएवढ्या सीटची आणि उजव्या बाजूला हवेच्या फिल्टरचा भला मोठा डबा असलेली. १९९८च्या व्हाइट लाइटनिंग आवृत्तीत सुधारित थंडरस्टॉर्म हेडमुळे हेच इंजिन सुमारे १०१ अश्वशक्ती देऊ लागले. याच दशकात एम२ सायक्लोन, एस३ थंडरबोल्ट आणि फ्यूल इंजेक्शन असलेली एक्स१ लाइटनिंग आली. या सर्वांत मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर इंजिनाच्या खाली आडवा असे आणि चाक वर गेले की तो दबण्याऐवजी ताणला जाई.

एक्सबी मालिकेत इतके नवे काय होते?

२००२मध्ये आलेली एक्सबी९आर फायरबोल्ट जवळून पाहिली तर ओळखीची एकही गोष्ट नेहमीच्या जागी सापडत नाही. पेट्रोल अ‍ॅल्युमिनियमच्या जाड, पोकळ सांगाड्यात साठवलेले आहे. टाकीसारखे दिसणारे आवरण काढले की खाली हवेचा डबा निघतो. इंजिनाचे तेल मागच्या स्विंगआर्ममध्ये आहे. सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली गेला आहे, त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बरला पुन्हा मागे उभे राहावे लागले. जे जे जड, ते ते गाडीच्या मध्याजवळ आणि खाली आणायचे, हा यामागचा आग्रह होता. दोन चाकांच्या आसांतील अंतर केवळ १,३२० मिलिमीटर ठेवले होते. त्या काळातील लिटरभर क्षमतेच्या स्पोर्ट गाड्यांमध्ये ते अंतर साधारण १,४०० मिलिमीटर असे.

पुढच्या ब्रेककडे थोडे थांबून पाहावे. नेहमीच्या गाडीत डिस्क चाकाच्या मध्यभागी, हबवर असते. ब्रेक दाबला की थांबवणारा जोर हबपासून आऱ्यांमधून रिमपर्यंत जातो, म्हणून आरे दणकट करावे लागतात. ब्यूलने ३७५ मिलिमीटर व्यासाची एकच डिस्क थेट रिमच्या कडेला बसवली आणि कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) आतल्या बाजूने लावला. जोर रिमवरच लागत असल्यामुळे आरे सडपातळ झाले, दुसऱ्या डिस्कची आणि कॅलिपरची गरज उरली नाही आणि पुढचे चाक हलके झाले. चाक हलके असले की खड्ड्यावरून गेल्यावर टायर लवकर रस्त्याला टेकतो. या ब्रेकला दिखाऊ म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, कारण त्यामागील हिशेब सरळ आहे.

इंजिनाने मात्र इथेही आपली अट घातलीच. पुढच्या सिलिंडरला वारा लागतो, मागचा सिलिंडर त्याच्या आड आणि स्वाराच्या मांड्यांमध्ये लपलेला असतो. म्हणून मागच्या सिलिंडरसाठी विजेचा पंखा दिला. गाडी बंद करून किल्ली काढल्यावरही हा पंखा काही वेळ घरघरत राहतो आणि नवखा मालक पहिल्यांदा दचकतो. यात बिघाड काही नाही.

एक्सबी९ आणि एक्सबी१२ यांच्या इंजिनांत फरक काय?

सिलिंडरचा व्यास दोन्हींत ८८.९ मिलिमीटर, फरक पिस्टनच्या धावेचा, म्हणजे स्ट्रोकचा आहे. एक्सबी९मध्ये तो ७९.४ मिलिमीटर असून क्षमता ९८४ सीसी होते, तर एक्सबी१२मध्ये ९६.८ मिलिमीटर असून क्षमता १२०३ सीसी होते. कंपनीने पहिल्याची ताकद ९२ आणि दुसऱ्याची १०३ अश्वशक्ती सांगितली होती.

एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. एक्सबी१२चे इंजिन ६,८०० आरपीएमवर असताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो; एक्सबी९मध्ये ७,५०० आरपीएमवरही तो २० मीटरच्या आतच राहतो. लांब स्ट्रोकचे इंजिन जास्त फिरवता येत नाही ते यामुळे, आणि पुशरॉडवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची मर्यादा वेगळीच. थोड्या आरपीएमवर मिळणारा भरघोस टॉर्क हवा असेल तर एक्सबी१२ घ्यावी. मोकळेपणाने फिरणारे इंजिन आवडत असेल तर एक्सबी९ अधिक गोड वाटते. माझे मत एक्सबी९च्या बाजूने आहे.

ब्लास्ट ही स्पोर्ट मोटारसायकल होती का?

नव्हती. २०००मध्ये आलेली ४९२ सीसीची ही एका सिलिंडरची गाडी नवशिक्यांसाठी होती आणि प्रशिक्षण वर्गांत ती बरीच वापरली गेली. एक्सबी९चे इंजिन निम्मे केले तर जेवढी क्षमता येईल, नेमकी तेवढी तिची क्षमता होती. २००९मध्ये तिचे उत्पादन थांबवताना कंपनीने एक ब्लास्ट यंत्रात दाबून तिचा चौकोनी ठोकळा केला होता.

हार्लेकडे पाण्याने थंड होणारे इंजिन होते. ते ब्यूलला का मिळाले नाही?

अशी दोन इंजिने होती. पहिले १९९४च्या व्हीआर१००० या शर्यतीच्या गाडीचे: ६० अंशांचे, ९९६ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरवर दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट असलेले. गाडी नियमात बसावी म्हणून तिच्या रस्त्यावर चालणाऱ्या मोजक्याच प्रती काढल्या आणि त्यांची मान्यता पोलंडमध्ये घेतली. २००१पर्यंत प्रयत्न चालला, तरी अमेरिकन सुपरबाइक मालिकेतील एकही शर्यत तिने जिंकली नाही. दुसरे इंजिन पोर्शेच्या मदतीने घडवलेले ११३० सीसीचे रेव्होल्यूशन. ते २००१मध्ये व्ही-रॉडमध्ये आले आणि सुरुवातीला ११५ अश्वशक्ती देत होते. व्ही-रॉडच्या चाकांतील अंतर १,७०० मिलिमीटरच्या वर होते. अशा ऐसपैस गाडीसाठी घडवलेले लांब आणि जड इंजिन एक्सबीच्या आखूड सांगाड्यात बसणे कठीणच होते.

११२५आरमध्ये इंजिन कोणाचे होते?

ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे. ब्यूलच्या गरजेनुसार घडवलेले हे ७२ अंशांचे 'हेलिकॉन' इंजिन २००७मध्ये ११२५आरसोबत आले. १०३ मिलिमीटर व्यास, ६७.५ मिलिमीटर स्ट्रोक, पाण्याने शीतन, बॅलन्सर शाफ्ट आणि १४६ अश्वशक्ती. १०,५०० आरपीएमपर्यंत ते निर्धास्त फिरे. पेट्रोल सांगाड्यात आणि ब्रेक रिमवर हे जुने सूत्र कायम राहिले. रेडिएटर मात्र दोन्ही बाजूंना गालफुगीसारखे बाहेर आले, आणि त्या रूपावर बरीच टीका झाली.

२००९मध्ये डॅनी एस्लिक या स्वाराने ११२५आरवर अमेरिकेची डेटोना स्पोर्टबाइक मालिका जिंकली. त्या वर्गात तिची गाठ ६०० सीसीच्या चार सिलिंडरांच्या जपानी गाड्यांशी होती आणि ११२५ सीसीला मुभा देणे न्याय्य आहे का, यावर तेव्हा वाद झाला. तो आक्षेप पूर्णपणे निराधार नव्हता, हे मान्य करायला हवे. विजेतेपदाच्या त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर २००९ रोजी, हार्ले-डेव्हिडसनने ब्यूल बंद करत असल्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिनमधील ईस्ट ट्रॉयच्या कारखान्यातून तोवर १,३६,०००हून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या.

ब्यूल आणि भारत यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ब्यूल बंद पडल्यानंतरचा आहे. एरिक ब्यूल यांनी लगेच ईबीआर (एरिक ब्यूल रेसिंग) ही नवी कंपनी काढून त्याच रोटॅक्स घराण्याच्या इंजिनाची क्षमता ११९० सीसीपर्यंत वाढवली. २०११च्या ११९०आरएसमध्ये ते १७५ आणि पुढच्या ११९०आरएक्समध्ये १८५ अश्वशक्ती देऊ लागले. जुलै २०१३मध्ये हीरो मोटोकॉर्पने अडीच कोटी डॉलर गुंतवून ईबीआरची ४९.२ टक्के मालकी घेतली. २०१४च्या ऑटो एक्स्पोमध्ये हीरोने मांडलेली एचएक्स२५०आर ही ईबीआरच्या साहाय्याने तयार झालेली होती, आणि त्याच वर्षी ईबीआरचा संघ हीरोच्या नावासह जागतिक सुपरबाइक स्पर्धेत उतरला. एप्रिल २०१५मध्ये ईबीआरचे काम कर्जाच्या ओझ्याखाली थांबले आणि एचएक्स२५०आर त्या रूपात बाजारात आलीच नाही. पुढे मालमत्ता विकत घेणाऱ्या नव्या मालकांनी २०२१मध्ये 'ब्यूल' हे नाव पुन्हा वापरात आणले. त्यांच्या हॅमरहेड ११९० या गाडीत तेच इंजिन आहे.

ब्यूलखेरीज अमेरिकेत कोणी प्रयत्न केले?

मेरीलँडमधील फिशर या छोट्या कंपनीने एमआरएक्स नावाची गाडी बांधली, तिचे ६५० सीसीचे व्ही-ट्विन कोरियाच्या ह्योसंगचे होते. त्याच इंजिन-घराण्यातील ह्योसंग जीटी६५०आर २०११पासून सातारा जिल्ह्यातील वाई येथे गरवारे मोटर्स जुळवत असे, म्हणजे फिशरच्या इंजिनाचे भाईबंद आपल्याकडच्या रस्त्यांवरही फिरले आहेत. रोअर या कंपनीने व्ही-रॉडच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडला. ओरेगॉनच्या मोटोचिझने स्वतःचे चार सिलिंडरांचे इंजिन घडवण्याचा प्रयत्न केला, पण तिला यश मिळाले ते विजेच्या गाडीवर: २०१०मध्ये आयल ऑफ मॅनची टीटी झीरो शर्यत तिने जिंकली. इंडियनच्या १९११च्या विजयानंतर ९९ वर्षांनी.

आज अमेरिकन कंपन्यांकडे स्पोर्ट गाडीला योग्य इंजिन आहे का?

आहे. हार्लेचे २०२१मधील रेव्होल्यूशन मॅक्स १२५० हे ६० अंशांचे इंजिन १५० अश्वशक्ती देते आणि त्यातील क्रँकपिन ३० अंशांनी सरकवलेले असल्यामुळे स्फोटांचा क्रम ९० अंशांच्या इंजिनासारखा होतो. १९८७मध्ये असे इंजिन असते तर युनिप्लॅनर जोडणीची गरजच पडली नसती. ते पॅन अमेरिका या साहसी प्रवासाच्या गाडीत आणि स्पोर्टस्टर एसमध्ये आले. याच घराण्याच्या ९७५ सीसी इंजिनाची ब्रॉन्क्स ही उघडी स्पोर्ट गाडी प्रदर्शनात मांडूनही नंतर सोडून देण्यात आली. इंडियनने २०१९मध्ये १२०३ सीसीची एफटीआर आणली, ती मातीच्या ट्रॅकवरील एफटीआर७५०च्या यशावर बेतलेली होती. विजेच्या गाड्यांत झीरो आणि लाइटनिंग ही नावे ठळक आहेत. २०१३मध्ये पाइक्स पीक या डोंगर-चढाईच्या शर्यतीत लाइटनिंगने पेट्रोलवरील सर्व मोटारसायकलींना मागे टाकले होते.

अमेरिकेत राहतो, जुनी ब्यूल घ्यायची आहे. काय पाहावे?

एक्सबी मालिकेत मागचे चाक फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याचा ताण कायमचा ठरवलेला असतो, तो जुळवता येत नाही. म्हणून पट्ट्याच्या दातांत खडे रुतल्याच्या खुणा किंवा कडेला चिरा आहेत का, ते चाक हाताने फिरवून पूर्ण वेढा पाहावे. चाकांचे बेअरिंग हलवून तपासावे. सांगाड्याला खोल पोचा असेल तर गाडी नाकारावी, कारण तो सांगाडा म्हणजेच पेट्रोलची टाकी आहे. ११२५आर किंवा त्याच इंजिनाची ११२५सीआर घेत असाल तर बॅटरी चार्ज करणाऱ्या स्टेटरची चौकशी आवर्जून करावी. या गाड्यांत तो तापून जळण्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या, आणि आधीच्या मालकाने तो बदलून घेतल्याची पावती असेल तर उत्तम. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. मंद गतीवर गाडी थरथरली तर घाबरू नये, पण तीन हजार आरपीएमच्या वरही ती थरथर गेली नाही तर इंजिनाची रबरे आणि जोडणीच्या दांड्या झिजल्या आहेत असे समजून त्यांचा खर्च किमतीतून वजा करावा.